तांब्याचा हट्ट

1981 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फॅबियन पीझ यांनी सिलिकॉनच्या पाठीवर सुमारे 50 मायक्रॉन रुंदीच्या खाचा कोरल्या, त्यांतून पाणी खेळवलं आणि चौरस सेंटिमीटरमागे 790 वॅट उष्णता उचलून दाखवली. आज एनव्हिडियाच्या एच-100 चिपचा आकार आठ चौरस सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि तिच्या मॉड्यूलची कमाल मर्यादा 700 वॅट. म्हणजे भार त्या प्रयोगाच्या नवव्या हिश्श्याएवढाच, तरी ती थंड ठेवणं सोपं नाही. टकरमन-पीझ यांचं पाणी थेट सिलिकॉनमधून वाहत होतं. व्यवहारात मात्र चिप आणि पाणी यांच्यामध्ये थर्मल पेस्ट, कधी धातूचं झाकण, पुन्हा पेस्ट आणि मग पाणी वाहून नेणाऱ्या कोल्ड प्लेटचा तळ येतो, आणि प्रत्येक सांध्यावर काही अंश खर्ची पडतात. म्हणून धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचं मोल मला नक्षीदार आकारांपेक्षा सांधे कमी करण्याच्या ताकदीत दिसतं.

धातूच्या पावडरीचा काही दशांश मिलिमीटरहूनही पातळ थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुढचा थर द्यायचा: यंत्राचं काम एवढंच. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरमधल्या मॉक्सी उपकरणात निकेल मिश्रधातूचे सहा हीट एक्स्चेंजर असेच छापलेले होते. एरवी दोन भाग वेगळे करून ते वेल्ड करावे लागले असते. नासात काम करणाऱ्या अ‍ॅलन शोएन यांनी 1970 साली मांडलेला जायरॉइड हा पृष्ठभागही या यंत्रासाठीच घडल्यासारखा वाटतो. तो जागेचे दोन चक्रव्यूह करतो. ते एकमेकांत गुंतलेले असतात, पण कुठेही मिळत नाहीत, त्यामुळे दोन द्रव भिंतीच्या दोन बाजूंनी वाहू शकतात. वर त्याची भिंत छापताना बहुतेक ठिकाणी स्वतःच स्वतःला तोलून धरते, टेकू लावावे लागत नाहीत.

अडतं ते तांब्यापाशी. नेहमीच्या लेझरचा अवरक्त प्रकाश तांबं बहुतांशी परतवून लावतं आणि जी थोडी उष्णता आत शिरते ती क्षणात आजूबाजूला पसरवून टाकतं. ज्या गुणासाठी तांबं हवं, तोच गुण त्याला वितळू देत नाही. लेझरची शक्ती वाढवली तर परतणारा प्रकाश यंत्राच्या भिंगांवर उठतो आणि तुकड्यात पोकळ्या राहतात. 515 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तांबं कितीतरी जास्त शोषतं, म्हणून आता हिरवे लेझर आले आहेत. सॅन डिएगोच्या फॅब्रिकेटलॅब्स कंपनीने तर लेझरच बाजूला ठेवून द्रावणातून विजेच्या साहाय्याने तांबं थराथराने बसवण्याची वाट धरली आहे. अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा मिश्रधातू सहज छापता येतो, पण त्याची उष्णतावहनाची क्षमता तांब्याच्या निम्मीही नाही.

यावर कारखानदाराचा आक्षेप रास्त आहे. तांब्याच्या ठोकळ्यावरून धारदार पात्याने फिन सोलून काढणारं स्कायव्हिंग स्वस्त आहे, झटपट आहे आणि लेझरहून बारीक फटी देतं. सरळसोट चौकोनी प्लेट हजारोंनी हवी असेल तिथे प्रिंटिंग हरेल, हे मला मान्य आहे. पण चिप सगळीकडे सारखी तापत नाही आणि स्कायव्हिंगच्या फटी मात्र सगळीकडे सारख्या. वेग तोच ठेवून फट निम्मी केली की तेवढ्याच लांबीत दाबाची घट चौपट होते. तेव्हा दाट फिन फक्त तापणाऱ्या जागी आणि इतरत्र मोकळी वाट, ही सोय पंपाची वीज वाचवते. उष्णतेची वाट सुकर झाली तर थंड करायला अधिक कोमट पाणीही पुरतं. ऐरोली-महापेच्या दमट उन्हाळ्यात चिलर कमी चालवता येणं ही डेटा सेंटरसाठी मोठी बचत ठरेल.

मला काळजी वाटते ती पावडरीची. वाकड्यातिकड्या वाटांत अर्धवट वितळलेले कण भिंतीला चिकटून राहतात. प्लेट हलवून, फिरवून, धुऊनही ते निघतीलच असं नाही, आणि पुढे सुटलेला कण त्याच पाण्यावरच्या दुसऱ्या प्लेटच्या फिनमध्ये अडकू शकतो. सीटी स्कॅनने आत पाहावं, तर तांबं क्ष-किरणही अडवतं. नमुन्याची प्लेट कापून तपासता येते, पण ग्राहकाला जाणारी प्लेट कापता येत नाही. तिच्यावर उरते फक्त प्रवाहाची आणि दाबाची चाचणी. दोनशे समांतर वाटांपैकी एक तुंबली तर एकूण प्रवाहात अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो आणि तो मापनाच्या चुकीत सहज लपतो, मग ती वाट नेमकी चिपच्या सर्वात तापणाऱ्या जागेवरून जाणारी का असेना.