औषध लागू न पडल्यास दोष कोणाचा?

आमच्या एका स्नेह्यांच्या दोन कन्या. थोरली साताऱ्यास दिलेली, धाकटी सांगलीस. दैवयोग असा कीं, वर्षभराच्या अंतरानें दोघींनाही नैराश्यविकारानें गांठलें. झोंप उडाली, अन्नावरची वासना गेली, देवापुढें दिवा लावण्याचाही उत्साह उरला नाहीं. दोघींच्या डॉक्टरांनीं एकच गोळी दिली. थोरली दीड महिन्यांत पूर्वीसारखी हंसूंबोलूं लागली. धाकटीला मात्र मळमळीवांचून कांहीं लाभलें नाहीं, आणि सासरीं कुजबूज सुरू झाली, "बहिणीला गुण आला, मग हिलाच कां येऊं नये? हिच्या मनांतच नाहीं!"

हा आरोप किती अन्यायाचा आहे, हें दाखविण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

पहिलें औषध लागू न पडणें हा मुळीं अपवादच नव्हे. अमेरिकेंत झालेल्या स्टार-डी नांवाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत सिटॅलोप्राम या पहिल्या औषधानें लक्षणमुक्त झालेले रोगी सुमारें एकतृतीयांशच होते.

याचें एक कारण देहांत असतें. हें औषध यकृतांतील विकरांच्या साह्यानें शरीराबाहेर टाकलें जातें. त्यांतील एक प्रमुख विकर कोणाचा मंद, कोणाचा जलद, हें आनुवंशिक असून सख्ख्या बहिणींतही भेद असूं शकतो. म्हणून तीच मात्रा एकीला मानवते, तर दुसरीला जास्त होते. शिवाय थायरॉइडचें मांद्य किंवा शाकाहारी कुटुंबांत वारंवार आढळणारी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव मागें दडलेली असल्यास नुसत्या गोळीनें भागत नाहीं.

दुसरें कारण परिस्थितींत असतें. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी धाकटीच्या घरांत शिरलें होतें. संसार चिखलांत गेला होता. असें दुःख ऐकून घेणारें माणूसही उपचाराचाच भाग होय. गोव्यांत प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीनें केलेल्या 'मानस' या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत त्या मदतीनें बरे होणाऱ्यांचें प्रमाण स्पष्टपणें वाढलें; खाजगी डॉक्टरांकडे मात्र फारसा फरक दिसला नाहीं. तेथें डॉक्टर रोग्यास आधींपासूनच ओळखतात, हें त्याचें एक संभाव्य कारण. आपण ज्यास हातगुण म्हणतों, त्यांत ही ओळखही असावी.

सांगलीच्या डॉक्टरांनीं हें सर्व ध्यानीं घेतलें. रक्ततपासणींत थायरॉइडचें मांद्य निघालें. त्यावर उपचार झाला, गोळी बदलली, आणि जाऊबाई रोज सायंकाळीं तिला कृष्णेच्या घाटावर नेऊं लागल्या. गुण यावयास पांच महिने लागले, पण आला.

तेव्हां वाचकहो, गोळीचा पुरता गुण दिसावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर धीर धरावा. त्रास झाल्यास डॉक्टरांस सांगावें, पण परस्पर गोळी बंद करूं नये. बरें वाटल्यावरही ती साधारणतः निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. जीव नकोसा झाल्याची भाषा कानीं आल्यास मात्र क्षणभरही थांबूं नये. रोग्यास एकटें न सोडतां तत्काळ डॉक्टरांस गांठावें. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि "हिलाच कां गुण येत नाहीं?" हा प्रश्न विचारावयाचाच, तर तो रोग्यास नव्हे, डॉक्टरांस विचारावा.