कोशात नोंद कोणत्या महाविद्यालयाची?

भारतातील महाविद्यालयांची संख्या ४० हजारांहून अधिक असून त्यांतील फार मोठा भाग एखाद्या शिक्षणसंस्थेने चालवलेल्या, विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आणि आपल्या तालुक्याबाहेर फारशा परिचित नसलेल्या लहान महाविद्यालयांचा आहे. यांतील प्रत्येकावर ज्ञानकोशात स्वतंत्र लेख असावा काय, हा प्रश्न छापील कोशांच्या काळात सहसा उद्भवत नसे. कारण केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड असोत किंवा वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश असो, पानांची मर्यादाच बरीचशी निवड परस्पर उरकून टाकी. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला पानांची टंचाई नाही, म्हणून अशा कोशात जागेच्या मर्यादेचे काम एखाद्या निकषाला करावे लागते. त्या निकषाला उल्लेखनीयता असे नाव आहे.

हा शब्द काहीसा फसवा आहे, कारण त्यातून गुणवत्तेचा किंवा लौकिकाचा बोध होतो, तर कोशाच्या परिभाषेत त्याचा अर्थ इतकाच की ज्यांचा त्या विषयात हितसंबंध नाही अशा विश्वासार्ह लेखकांनी त्यावर पुरेशा विस्ताराने लिहिलेले असावे. या कसोटीवर महाविद्यालयाची माहितीपुस्तिका, रौप्यमहोत्सवी स्मरणिका किंवा मूल्यांकनासाठी सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल टिकत नाही. ही साधने इमारतीचे वर्ष आणि विषयांची यादी पडताळण्यास उपयोगी असली, तरी ती संस्थेने स्वतःविषयी दिलेली साक्ष असते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील नॅक, जी श्रेणी देते तिच्यावरून अध्यापनाचा दर्जा कळतो, पण त्या श्रेणीतून लेखाला मजकूर मिळत नाही. वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर येणारी स्नेहसंमेलनाची किंवा रक्तदान शिबिराची बातमी त्रयस्थ दिसते खरी. परंतु ती पुष्कळदा महाविद्यालयानेच धाडलेले प्रसिद्धिपत्रक असते, आणि पाहुण्यांची नावे वगळली तर तिच्यात फारसे काही उरत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर अनेक वर्षे माध्यमिक शाळा व पदवी देणाऱ्या संस्था यांचे अस्तित्व सिद्ध झाले की त्यांचे लेख सहसा राखले जात. २०१७ मधील मोठ्या चर्चेनंतर, शाळांच्या बाबतीत तरी, केवळ अस्तित्व पुरेसे नाही असे ठरले. पदवी देणारी संस्था ही कल्पना भारतातील व्यवस्थेला लावताना वेगळीच अडचण येते, कारण येथील संलग्न महाविद्यालय शिकवते, पण पदवी विद्यापीठाची असते. म्हणून परक्या व्यवस्थेत घडलेला संकेत जसाच्या तसा उचलण्यापेक्षा त्रयस्थ लेखनाची मूळ कसोटी लावणेच अधिक सुरक्षित ठरते.

ही कसोटी आकाराची नाही, हे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये, उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या असलेल्या मराठवाड्यात, हे महाविद्यालय सुरू केले. त्याचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या ‘युगयात्रा’ या नाटकाची नोंद दलित रंगभूमीच्या इतिहासात घेतली जाते. पुढे ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाचे संपादक झालेले गंगाधर पानतावणे यांचे नावही या परिसराशी जोडलेले आहे. दलित साहित्याच्या उगमाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला मिलिंदपाशी थांबावे लागते, आणि त्यामुळे संस्थेशी संबंध नसलेल्या लेखकांनीही तिच्याविषयी लिहिले आहे. पटावर किती विद्यार्थी होते, हा प्रश्न येथे गौण आहे. मात्र याच उदाहरणाचा उलटा अर्थ काढू नये: एखादा नामवंत लेखक किंवा मंत्री दोन वर्षे जेथे शिकला, ते महाविद्यालय तेवढ्यानेच उल्लेखनीय होत नाही, कारण माजी विद्यार्थ्याची कीर्ती संस्थेकडे वारसाहक्काने येत नसते.

मराठीत या निर्णयाला आणखी एक गुंतागुंत आहे. महाविद्यालयांविषयीचे त्रयस्थ लेखन पुष्कळदा जिल्हा गॅझेटियर, शिक्षणाच्या इतिहासावरील प्रबंध, संस्थापकांची चरित्रे आणि जुन्या वृत्तपत्रांचे अंक यांत छापील स्वरूपात पडून असते. संगणकावर शोध घेऊन काही सापडले नाही म्हणजे काही लिहिले गेलेच नाही, असा निष्कर्ष काढणारा संपादक घाई करतो. या घाईचा फटका खेड्यापाड्यांतील जुन्या संस्थांना अधिक बसतो, तर कालपरवा निघालेल्या एखाद्या संस्थेचा जाहिरातवजा मजकूर मात्र सहज हाती लागतो. ग्रंथालयात जाऊन पाहिल्याखेरीज नकार देऊ नये, आणि पाहिल्यावरही काही मिळाले नाही तर भिडेखातर होकार देऊ नये.

स्वतंत्र लेख नाकारला म्हणजे माहिती नाकारली असे होत नाही. चालक शिक्षणसंस्थेच्या किंवा गावाच्या लेखात दोनतीन संदर्भयुक्त वाक्ये घालून महाविद्यालयाचे शीर्षक तिकडे वळवता येते, यालाच पुनर्निर्देशन म्हणतात. असे वळवलेल्या पानावरील आधीचा मजकूर त्या पानाच्या इतिहासात शाबूत राहतो, आणि पुढे कोणी पुरेशी साधने पुढे आणली तर त्याच शीर्षकाखाली लेख पुन्हा उभा करता येतो.