क्वांटम यंत्राचा ताळा

आपल्या बचत गटाची वही डोळ्यांपुढे आणा. आडव्या ओळीत बाईचं नाव, उभ्या रकान्यात महिना, शेवटी दोन्हीकडच्या बेरजा. बेरजा मांडून झाल्यावर एका घरात १०० चे २०० झाले, तर एक आडवी आणि एक उभी बेरीज जुळत नाही. ती ओळ आणि तो रकाना जिथे भेटतात, तेच घर चुकलंय. बाकीची घरं तपासायलाच नकोत.

संगणकही असाच ताळा घेतो. त्याचे आकडे दोनच, शून्य आणि एक. अमेरिकेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चार आकड्यांना ताळ्याचे तीन जोडून सात केले. त्यातला कुठलाही एक बिघडला, तर यंत्रच तो शोधून सुधारतं. आपल्या आधारचा बारावा आकडाही ताळ्याचाच. मात्र तो चूक पकडतो, सुधारत नाही.

आता क्वांटम संगणकाकडे येऊ. त्याच्या वहीतल्या घराला क्युबिट म्हणतात. त्यात शून्य आणि एक यांचं मिश्रण राहू शकतं, पण ते फार नाजूक. त्याची नक्कल काढता येत नाही. आत डोकावलं की मिश्रण मोडतं, झाकण उघडल्यावर वाफ जावी तसं. शिवाय चुका दोन जातींच्या: शून्याचं एक होणं, आणि मिश्रणातलं अधिकचं चिन्ह उणे होणं.

मग ताळा घ्यायचा कसा? १९९६ मध्ये काल्डरबँक आणि शोर यांनी, आणि वेगळेपणाने स्टीन यांनी, जुनाच ताळा दोनदा वापरला, चुकीच्या प्रत्येक जातीसाठी एकदा. घरात काय आहे ते विचारायचंच नाही. चार घरांची मिळून बेरीज सम की विषम, एवढंच विचारायचं. अट एकच. पहिल्या जातीचा कुठलाही ताळा आणि दुसऱ्या जातीचा कुठलाही ताळा यांच्यात सामाईक घरं सम संख्येत हवीत, नाहीतर एक ताळा दुसऱ्याचं काम बिघडवतो. हॅमिंगचे तिन्ही ताळे चार-चार घरांचे, आणि कुठल्याही दोघांत सामाईक घरं दोनच. म्हणून तोच ताळा दोन्हीकडे चालतो! अशा सात क्युबिटनी मिळून एक जपला जातो. दुसऱ्या एका रीतीने पाचांतही भागतं, पण ही रीत समजायला सोपी.

हे काम आपल्या पुण्यातही चालतं. डीआरडीओच्या इथल्या क्वांटम प्रयोगशाळेने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसोबत २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. सहा! म्हणजे स्टीन यांच्या रीतीने एक जपायलाही एक कमीच.

याच शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं, की मोठं क्वांटम यंत्र बँकेच्या संदेशांची आजची कुलपं उघडू शकेल. आजच्या यंत्रांना ते जमत नाही, तेव्हा त्या भीतीने खातं रिकामं करू नका. आणि बाजारात कुणी 'क्वांटम' माळ विकत असेल, तर तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटची यंत्रं हे त्याचं उद्दिष्ट. हजाराला सातांनी भागा: जपलेले क्युबिट जेमतेम १४२, आणि ताळा घेताना लागणारे क्युबिट त्यातूनच द्यायचे.