मोबाइलमधला बिल्ला

काल मोबाइलवर फवारणीचा पंप पाहिला. आज बातम्या उघडल्या, तर तिथेही पंपाचीच जाहिरात! "काहून जी, याले कसं समजलं?" असे गावकरी आम्हांला विचारतात.

हिंगणघाटच्या बाजारात सायकल ठेवली की स्टँडवाला बिल्ला देतो. परत आलो की बिल्ला पाहून सायकल ओळखतो. वेबसाइटही आपल्या मोबाइलमध्ये असाच बिल्ला ठेवते. त्याला कुकी म्हणतात. १९९४ साली अमेरिकेत लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. कुकीमुळे पासवर्ड पुन्हापुन्हा द्यावा लागत नाही. ही झाली सोय. पण जाहिरातवाल्यांचा बिल्ला अनेक वेबसाइटींवर चालतो. आपण कुठे काय पाहिले, ते त्यांना कळते.

सेवा केंद्राच्या संगणकावर आपले खाते उघडले, तर बिल्ला तिथेच राहतो. मागून येणारा माणूस आपल्या खात्यात शिरू शकतो. म्हणून उठण्यापूर्वी 'लॉग आउट' करावे.

'सर्व स्वीकारा' यावर घाईने बोट ठेवू नये. 'नाकारा' असेल, तर ते दाबावे. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबून 'सेटिंग्ज'मध्ये जावे. तिथे 'गोपनीयता' या भागात कुकी पुसता येतात. मग पासवर्ड पुन्हा मागतील. तो आपल्या ध्यानात असू द्यावा, दुसऱ्याच्या नव्हे.