वर्गातली चुळबुळ आणि रात्रीची झोप

‘एका जागी बसत नाही, शेजारच्याला ढकलतो,’ असा शेरा डायरीत आला की घरी मुलाला बोलणी बसतात. आजी म्हणते, लाडावून ठेवलाय. बाबा मोबाइल काढून घेतात. पण आदल्या रात्री तो किती वाजता झोपला, हे फारसं कोणी विचारत नाही.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून 10 ते 13 तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास. आता नाशिकचा हिशेब करा. सिडकोतून गंगापूर रोडला सातच्या शाळेत जाणारं पहिलीतलं मूल पावणेसहाला उठतं. म्हणजे त्याला रात्री पावणेनऊच्या आत झोप लागायला हवी. किती घरांत त्या वेळी जेवणं तरी उरकलेली असतात?

झोप कमी पडली की मोठी माणसं पेंगतात. लहान मुलं अनेकदा उलट चेकाळतात. मनात आलेली गोष्ट लगेच न करता थांबायचं, हे काम प्रामुख्याने मेंदूचा पुढचा भाग करतो. त्याची वाढ विशीतही चालू असते. सहाव्या वर्षी तो कच्चाच असतो आणि झोपेअभावी आणखी ढेपाळतो. बाहेरून तो दिसतो खोडकरपणा.

हे ओळखूनच राज्य शासनाने 8 फेब्रुवारी 2024 रोजी, पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश काढला. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांची आणि व्हॅनवाल्यांची अडचण खरी आहे. पण वेळापत्रक मुलांच्या झोपेवरून ठरावं, व्हॅनच्या फेऱ्यांवरून नव्हे.

झोप पुरेशी असूनही तक्रार राहिली, तर मूल घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का, हे पाहा. नाकामागच्या गाठी वाढल्याने झोप मोडत राहते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साचून कमी ऐकू येतं, आणि बाई म्हणतात, ‘हा ऐकतच नाही!’

वर्गातही बरंच हातात असतं. ‘पळू नकोस’ऐवजी ‘हळू चाल’ म्हटलेलं लहानांना लवकर कळतं. एका वेळी एकच सूचना द्यावी. पंधरा-वीस मिनिटांनी उभं करून हातपाय हलवायला लावावं. शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा पीटीचा तास काढून घेणं हा तर उफराटा उपाय. ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज, त्यालाच बसवून ठेवायचं! मारणं आणि अपमान करणं या दोन्हींना शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार बंदी आहे. बोर्डीला 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांची आंघोळ, नखं, केस हाही शिक्षणाचाच भाग होता. शरीराकडे आधी पाहण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

‘एडीएचडी’चा शिक्का मात्र घाईने मारू नका. लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, किमान सहा महिने दिसावी लागतात. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहून न्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि घोरण्याबद्दल, ऐकण्याबद्दल शंका असेल तर चिठ्ठी लिहून बाईंकडे आधीच द्या.