अंगण आपलं, वेळापत्रक परक्याचं

मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या गावातलं जुनं हार्डवेअरचं दुकान या मार्चमध्ये बंद झालं. नेमकं हिरवळीच्या हंगामाच्या तोंडावर. त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावर कंत्राटी कंपन्यांचे ट्रक फिरू लागले आणि घरोघरच्या गवतात फवारणी झाल्याच्या छोट्या झेंड्या उभ्या राहिल्या. जमीन अजून ओलीचिंब होती, गवत जागंही झालं नव्हतं. पण राज्याच्या कायद्यातली खतबंदी 1 मार्चला उठते, म्हणून 2 मार्चपासून खत पडायला सुरुवात. घरमालकांपैकी एकानेही मातीला हात लावून पाहिलेला नव्हता.

इथल्या हिरवळीचा जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. 1830 मध्ये इंग्लंडात एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र बनवलं. 1947 पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउन या वसाहतीने अंगणातलं गवत दर आठवड्याला कापण्याची अट घरमालकांवर घातली. महायुद्धानंतर 2,4-डी हे तणनाशक दुकानात आलं. रुंद पानांचं सगळंच ते मारतं, त्यामुळे तोवर गवताच्या बियाण्यात मुद्दाम मिसळलं जाणारं क्लोव्हर रातोरात तण ठरलं. हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवणारं हे फुकटचं खत आपण मारलं आणि नत्राची पोती विकत घेऊ लागलो. या नुकसानाचा हिशोब अजून कुणी चुकवलेला नाही.

मला बोलायचं आहे ते 1995 ते 2005 या दशकाबद्दल. एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक भागात तेव्हा मराठी कुटुंबं भराभर घरं घेत होती. बहुतेकांचा जन्म पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये गेलेला, आणि इथे एकदम पाव एकर जमीन नावावर. त्या हार्डवेअरच्या दुकानातले म्हातारे गृहस्थ काउंटरवर खताचं पोतं ठेवण्याआधी विचारायचे, ‘माती तपासलीत का?’ रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा, सामू कळला की गरजेपुरता चुना टाकायचा. फॉस्फरस आहे का, हवा का, तेही त्यातच कळायचं. क्रॅबग्रास हे तण उगवण्याआधीचं औषध कधी टाकायचं, याचं उत्तर कॅलेंडरात नव्हतं. फोर्सिथियाची पिवळी फुलं भरात आली की जमिनीचं तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या आसपास पोचतं, तीच वेळ. गल्लीतली सगळी मंडळी त्या झुडपांवर नजर ठेवून असायची.

वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी यायचे. मार्चमधल्या ओल्या गवतावर मी यंत्र काढलं की म्हणायचे, ‘अरे, वाफसा येऊ दे, मग पाय घाल.’ ओल्या मातीवर वजन पडलं की ती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही, हे त्यांना उसाच्या रानाने शिकवलं होतं. एकदा गवताचा वाळका पट्टा हाताने उचलून त्यांनी खालची पांढरी अळी दाखवली. ‘ही तर हुमणी!’ जपानी भुंगेऱ्याची ती अळी. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो 1916 मध्ये, आमच्याच राज्यातल्या रिव्हर्टनजवळ. वसंतात ही अळी पुरती वाढलेली असते, औषधाला दाद देत नाही. मारायची तर उन्हाळ्यात, कोवळी असताना.

तरीही त्या वर्षांत एप्रिल उजाडला की दारावर विक्रेते यायचे आणि हुमणीसाठी डायझिनॉन खपवायचे. पक्षी मरतात म्हणून गोल्फच्या मैदानांवर या औषधाला आधीच बंदी होती. पोरं लोळतात त्या अंगणांसाठी मात्र ते 2004 संपेपर्यंत विकलं गेलं. आमच्या वसाहतीच्या समितीने तर क्लोव्हर दिसलं म्हणून मला नोटीस धाडली होती. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

सगळ्यात मोठी फसवणूक वसंताच्या नावाने झाली. चार महिन्यांच्या थंडीनंतर माणूस हिरव्यासाठी आसुसलेला असतो. हे ओळखून बियाणं आणि खत एप्रिलमध्ये विकलं जातं. इथलं केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू हे थंड हवेचं गवत. त्याची पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये करायची, माती गरम आणि हवा गार असताना. एप्रिलमध्ये पेरलेलं रोप उथळ मुळांनिशी जुलैच्या उन्हात सापडतं. शिवाय क्रॅबग्रासला अडवणारं औषध बहुतेक वेळा गवताचं बीही उगवू देत नाही, तरी दोन्ही पोती शेजारी शेजारी मांडून विकतात. आणि लवकर दिलेल्या नत्राने पाती फोफावतात, मुळं मागे पडतात.

2011 मध्ये न्यू जर्सीने खताचा कडक कायदा केला. घरमालकाला 15 नोव्हेंबर ते 1 मार्च खत बंद, मातीच्या तपासणीत गरज दिसल्याशिवाय फॉस्फरस नाही. बार्नेगट उपसागर अंगणांतून वाहून आलेल्या नत्राने गुदमरत होता, त्यातून हे घडलं. कायदा चांगला आहे. पण तो निव्वळ तारीख देतो, जमीन ओळखायला शिकवत नाही. ते काम दुकानातले गृहस्थ करत होते, शेजारी करत होते, पाहुणे म्हणून आलेले वडील करत होते.

म्हणून माझ्या पिढीने ज्यांना ही घरं दिली, त्या मुलांना माझं सांगणं आहे. वसंतातलं कंत्राट रद्द करा. मार्चमध्ये माती तपासा. वाफसा आल्यावर दाताळ्याने वाळकं गवत काढा, तीन इंचांपेक्षा खाली कापू नका, एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच घ्या आणि कापलेलं तिथेच पडू द्या. क्लोव्हर राहू द्या. खर्च करायचाच तर सप्टेंबरमध्ये करा. घराचे हप्ते तुम्ही भरता, तेव्हा त्या जमिनीला कधी काय द्यायचं हे ट्रकवाल्याने नव्हे, तुम्ही ठरवलं पाहिजे.