काही होत नसताना तपासणी कशाला?

भंडारा जिल्ह्यात कर्करोगाच्या तपासणीचा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं: "मले काही होत नाही, मंग तपासणी कायले?" उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रोवणीचे दिवस, विड्या वळायचं काम, घरची कामं. दुखल्याशिवाय दवाखान्यात जायला सवड कोणाला? म्हणून आज आपण या प्रश्नाचंच उत्तर शोधू. सुरुवात करू टेनिसपासून.

ख्रिस एव्हर्ट या अमेरिकेच्या खेळाडू. एकेरीची १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. त्यांची धाकटी बहीण जीन, तीही व्यावसायिक टेनिस खेळलेली, २०२० मध्ये अंडाशयाच्या कर्करोगानं गेली. जीनच्या तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात एक बदल दिसला होता. या जनुकाचं काम पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं. पण हा बदल घातक की निरुपद्रवी, ते तेव्हा ठरवता येत नव्हतं. पुढे संशोधन वाढलं, तो घातक ठरला आणि घरच्यांना कळवलं गेलं. ख्रिसबाईंच्या तपासणीतही तोच बदल निघाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी खबरदारीची शस्त्रक्रिया करून घेतली, तर काढलेल्या भागात कर्करोग सापडलाच. पण पहिल्या टप्प्यातला. २०२३ च्या अखेरीस आजार परतला, हेही सांगायला हवं. त्यांनी हे सगळं जाहीर केलं, ते इतरांनी वेळेत तपासून घ्यावं म्हणून.

जनुकीय तपासणी सगळ्यांना लागत नाही. आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्या खेड्यांना जास्त लागू पडणारा पुरावा मात्र आपल्याच राज्यातला आहे.

१९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागानं मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. संसर्ग टिकून राहिला, तरी कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षांहून जास्त लागतात. म्हणजे मधल्या काळात "काही होत नाही" हे खरंच असतं, आणि उपचार सोपा असतो तोही तेव्हाच. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. या ६४ जणींना विसरून चालणार नाही. आपल्याला कळलं ते त्यांच्यामुळेही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी बघायची तपासणी एकदाच केली, तर मृत्यू फारसे घटले नाहीत. सरकारी आरोग्य केंद्रांत बहुतेक ठिकाणी हीच तपासणी होते, म्हणून ती दर पाच वर्षांनी पुन्हा करायची असते.

तीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे. आशाताईंना विचारा. खर्रा खाणाऱ्या पुरुषांनीही तोंड दाखवून घ्यावं. पांढरा चट्टा सुरुवातीला दुखत नाही.

तर "काही होत नाही, मग कशाला?" याचं उत्तर एवढंच: काही होत नाही, म्हणूनच. वेळ हातात असते ती तेव्हाच.